डाव्या लाईटला अर्थ नाही

मी एका पाण्याच्या टाकीला वाट दिली, तिथून हे सगळं सुरू झालं.

सुपा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी नोकरीला आहे. बोल्ट, बेअरिंग, ऑइल सील, हातमोजे, जे येईल ते तपासून आत घ्यायचं आणि मागेल त्याला सही घेऊन द्यायचं, असं काम. सहाला सुटते. आमचं घर मळ्यात, नगर-पुणे रस्त्यावरच्या फाट्यापासून चौदा किलोमीटर आत. गाडी जुनी, छोटी, चंदेरी रंगाची. शेजारच्या सीटवर पॅकिंगमध्ये काम करणारी माझी मैत्रीण असते. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते, आणि तिची वस्ती आमच्या मळ्याच्या दोन किलोमीटर अलीकडे आहे.

थंडीचे दिवस होते, साडेसहालाच गडद अंधार. ओढ्यावरचा पूल ओलांडला आणि समोर रस्त्याच्या कडेला म्हैस दिसली. अर्धी डांबरावर, अर्धी खाली. मी गाडी थांबवली. डिप्पर दिला, म्हणजे लाईट दोनदा वर-खाली केली. म्हैस ढिम्म. हॉर्न दिला. तरी ढिम्म. मग काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि "हैक, हैक" केलं. चांगली दोन मिनिटं गेली.

"ताई," मैत्रीण हळूच म्हणाली, "ती टाकी हाय."

"कुठली टाकी?"

"पान्याची. काळी, हजार लिटरची. तिला नळ हाय, शिंगं न्हाईत."

मी डोळे बारीक करून पाहिलं. टाकीच होती. आदल्या आठवड्यापर्यंत तिथं नव्हती, कोणीतरी नवीन आणून बांधावर ठेवली होती. मी हँडब्रेक ओढला, कारण हसताना गाडी चालवू नये एवढं मला कळतं. आम्ही दोघी तिथं इतक्या हसलो की मागून आलेला मोटारसायकलवाला थांबून, गाडी बंद पडली का, म्हणून विचारून गेला.

मैत्रिणीनं घरी गेल्यावर सांगितलं. तिच्या सासऱ्यांनी सकाळी दूध संकलन केंद्रावर सांगितलं. तिथं माझा नवरा दूध घालायला जातो. त्याला चार जणांनी विचारलं, "काय, टाकी किती दूध देती?"

रात्री जेवताना तो म्हणाला, "तुझे डोळे गेले."

"कुठं गेले? इथंच आहेत."

"पन्नाशी आली. अंधारात दिसत नाही तर कबूल करावं माणसानं. आज टाकीला म्हैस समजलीस, उद्या म्हशीला टाकी समजशील." हे त्यानं रागानं म्हटलं नाही, पण हात पुसून उठला आणि फ्रिजशेजारच्या खिळ्यावरची गाडीची चावी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. "दिवस मावळायच्या आत परत येणार असशील तर सकाळी चावी मागून घेत जा. नाहीतर कंपनीची बस आहे."

कंपनीची बस आहे, हे खरं. ती आम्हाला फाट्यावर सोडते. तिथून आत यायला जीप, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. घरी पोचायला साडेआठ वाजणार. माझं एक वेळ चाललं असतं. मैत्रिणीचं चालणार नव्हतं. तिच्या घरच्यांनी तिला कामाला पाठवायचं कबूल केलं होतं ते एकाच गोष्टीवर, की ताईच्या गाडीत बसून दारात उतरते. तिनं दुसऱ्या दिवशी बसमध्ये शेजारी बसून मला हे पुन्हा ऐकवलं.

"सासूबाई म्हनल्या, आठ दिवस बघू. मग घरीच बस."

"सांगितलंस कशाला टाकीचं?"

"मला काय म्हाईत चावी जाईल. मला वाटलं नुसतं हसत्याल."

मी त्याच रात्री नवऱ्याला म्हटलं, आठ दिवस दे. आठव्या दिवशी संध्याकाळी तू शेजारी बस, मी गाडी चालवते. रस्त्यावर जे दिसेल ते तुझ्या आधी मी ओळखलं तर चावी खिळ्यावर परत. नाही ओळखलं तर मी आयुष्यभर जीपनं येईन. तो तयार झाला. त्याला खात्री होती.

मला नव्हती, हे इथं सांगून टाकते. कारण वर्षभर मी स्टीअरिंगला छाती टेकवून गाडी चालवत होते. समोर उजेड म्हणजे पिवळट, पेजेसारखा पातळ, गाडीच्या नाकापुढं दहा-बारा पावलं सांडलेला. मी कडेच्या पांढऱ्या पट्टीवर चालायची, आणि जिथं पट्टी पुसली गेलीय तिथं मैत्रिणीच्या आवाजावर. "ताई डावीकडं खड्डा, ताई समोर सायकल." आमच्या गाडीची तिसरी लाईट तीच होती, आणि सगळ्यांत चांगलीही.

डोळ्यांचा निकाल आधी लावायचा म्हणून शनिवारी नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. नवरा बरोबर आला, ऑपरेशनची तारीख घेऊनच परतायचं असा चेहरा करून. डॉक्टरांनी माझ्याकडून शेवटची ओळ वाचून घेतली. बुबुळावर उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. मोतीबिंदू नाही, लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा आहे तोच ठेवा, म्हणाले.

बाहेर पडल्यावर नवरा म्हणाला, "त्यांनी अक्षरं दाखवली. टाकी कुठं दाखवली?"

तरी माझं काम सोपं झालं. माणूस ठीक असेल तर माल तपासायचा. रविवारी संध्याकाळी, अंधार पडता पडता, मी चावी मागून घेतली. अंगणाच्या बाहेर जायचं नाही, या अटीवर ती मिळाली. गोठ्याची भिंत नुकतीच चुन्यानं रंगवली होती. तिच्यापासून पंचवीस फूट मोजून गाडी सरळ उभी केली, भिंतीवर दिव्यांच्या उंचीला खडूनं रेघ मारली आणि लाईट लावल्या. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"सिनेमा लावला का गं?" त्या म्हणाल्या.

सिनेमाच होता. उजव्या लाईटचा ठिपका रेघेच्या हातभर वर, थेट कौलांपर्यंत. डाव्या लाईटचा ठिपका असा नव्हताच, नुसता एक तांबूस डाग, जुन्या बाटलीतल्या तेलासारखा. आणि दोन्हींच्या कडा इतक्या विरलेल्या की उजेड कुठं संपतो ते कळेना. वर्षभर माझी उजवी लाईट लिंबांच्या शेंड्यांवर झोपलेल्या कावळ्यांना दिसत होती आणि डावी कोणालाच नाही.

गाडीचं नाक वर का, ते मागचं दार उघडल्यावर कळलं. आत सरकी पेंडीच्या दोन गोण्या. नवऱ्यानं सुप्याहून आणवलेल्या, आणि "उद्या उतरवतो" म्हणून महिनाभर तशाच. मागे बोजा, म्हणून पुढचं तोंड आभाळाकडे. त्याला हाक मारून गोण्या उतरवायला लावल्या. ठिपका डोळ्यांदेखत वीतभर खाली आला.

"बघितलं?" मी म्हटलं.

"वीतभर," तो म्हणाला. "वीतभरानं टाकीची म्हैस होत नाही." पण गोण्या त्यानं मुकाट्यानं गोठ्यात नेल्या.

मग मी आणखी एक गोष्ट केली, ती सहजच. दिव्यांवर धूळ दिसली म्हणून तांब्याभर पाणी मारलं. आणि भिंतीवरचा उजेड एकदम उठला. उजवा ठिपका पांढरा, कडा धारदार, आणि डाव्या डागालासुद्धा जरा जीव आला. मी टाळी वाजवली. सासूबाईंनीही तांदळाचं सूप खाली ठेवून पाहिलं. पण पाणी वाळत गेलं तसा उजेड पुन्हा विरला, आणि पाच मिनिटांत पेज झाली. तीन वेळा पाणी मारून पाहिलं. तीन वेळा तेच. काच ओली असली की चांगली, वाळली की वाईट. स्टोअरच्या वहीत लिहावं तसं मी हे लिहून ठेवलं आणि खाली लिहिलं, कारण अज्ञात.

पुढं कळलं तेव्हा वाटलं, अज्ञातच राहिलं असतं तर बरं.

बुधवारी अर्धी रजा टाकली. मैत्रिणीनंही टाकली, कारण तिचं म्हणणं, ज्या खटल्यात आपली नोकरी आहे त्याला हजर राहायला पाहिजे. सुप्यातच, टायरवाल्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक मिस्त्री आहेत. साठीचे, गंभीर, चष्म्याला दोरी. त्यांना मी वहीतलं सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, बॉनेट उघडलं, आणि मीटरच्या दोन तारा आधी बॅटरीला लावून पाहिल्या. गाडी चालू, आकडा चौदाच्या जवळ. मग डाव्या लाईटच्या मागचा सॉकेट काढून तिथं तारा लावल्या. आकडा अकराच्याही खाली.

ते सरळ उभे राहिले, हात पुसले, आणि डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तशा आवाजात म्हणाले,

"ताई, ह्या डाव्या लाईटला अर्थ न्हाई."

माझ्याशेजारी मैत्रिणीनं ओढणी तोंडावर धरली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. करंट बॅटरीतून बल्बकडे जातो, तसा त्याला बल्बमधून परत जायला रस्ता लागतो. तो रस्ता म्हणजे एक काळी वायर, गाडीच्या पत्र्याला बोल्टनं आवळलेली. तिला अर्थिंग म्हणतात, आणि सुप्यात तिला सगळे नुसतं अर्थ म्हणतात. आमचा बोल्ट गंजला होता. हे मला कळलं. मैत्रिणीला फक्त शब्द ऐकू येत होते.

"मिस्त्री," तिनं विचारलं, "अर्थ जातो कुठं?"

"बॉडीत."

"आन गेला कशानं?"

"गंज चढला की अर्थ सुटतो. पावसापान्यात उभी ऱ्हाती ना गाडी."

"माणसाचंबी असंच व्हतं का?"

मिस्त्रींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुमी पॅकिंगला ना? आमची पुतनी हाय तिथं. ती म्हनती तिथं रोजच्या मिटिंगला पण अर्थ नसतो."

यानंतर मैत्रीण टायरच्या ढिगावर जाऊन बसली. माझंही तोंड सरळ राहीना. मिस्त्री मात्र न हसता कामाला लागले. त्यांनी एक सुटी वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं बल्बच्या पिनेला टेकवलं. डावी लाईट भसकन पेटली. तांबूस होती ती पांढरी झाली. वायर काढली, तांबूस. टेकवली, पांढरी.

"अर्थ दिला की बघा कसं," ते म्हणाले.

"राहू द्या तसाच," टायरच्या ढिगावरून आवाज आला, "लई दिवसांनी कुनीतरी देतंय."

बोल्ट काढून पॉलिश पेपरनं घासला, त्याखालचा पत्राही चकचकीत होईस्तोवर घासला, पुन्हा आवळून वर ग्रीस लावलं. उजव्या बाजूचंही तसंच केलं, आजारी पडायच्या आधी. मी नवऱ्याचा निरोप सांगितला, की जमलं तर ते डोळे दिपवणारे पांढरे फोकस टाका. मिस्त्री म्हणाले, "टाकतो. समोरचा आंधळा व्हईल, आन आंधळा झाला की नीट तुमच्याच अंगावर ईल. बल्ब आहे त्यो बरा हाय. खोटी हाय ती काच."

आणि ते काचेकडे वळले. काच म्हणायची, असतं प्लॅस्टिकच. त्यांनी टॉर्चचा उजेड बाजूनं तिरपा टाकला आणि मला वाकून बघायला सांगितलं. सगळ्या काचेवर गोल गोल ओरखडे. बारीक, दाट, एकात एक गुंतलेले.

"उन्हानं होतं ना असं?" मी विचारलं.

"ऊन पिवळं करतं. गोल न्हाई फिरत." त्यांनी बोट काचेवर वर्तुळात फिरवून दाखवलं. "ह्ये हातानं केलेलं हाय. आन ह्यो हात भांडी घासायचा हाय. ओली असताना पानी भरतं ओरखड्यात, म्हून चांगली दिसती. वाळली की झालं." ते थांबले. "कुनी घासली?"

मी शेडच्या पत्र्याकडे पाहिलं. मैत्रीण टायरवरून उठून आली आणि माझ्याकडे पाहू लागली.

घासली मीच होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरातलं सगळं पितळ निघतं. देव, समया, तांबे, घंटा. मी अंगणात बसून चिंचेचा कोळ आणि तारेची घासणी घेऊन सगळं लखलखीत करते. दुसऱ्या दिवशी गाडीचीही पूजा असते, तिच्या दिव्यांना कुंकवाची बोटं लावायची असतात, आणि पिवळ्या पडलेल्या दिव्यांना कुंकू लावणं मला पटत नाही. म्हणून शेवटी वाडग्यात उरलेली चिंच आणि तीच घासणी घेऊन मी दोन्ही दिवे घासायची. सात-आठ वर्षं. पाणी मारलं की ते आरशासारखे दिसायचे. मी समाधानानं वळून घरात जायची, आणि ते माझ्या पाठीमागे वाळायचे.

हे सगळं मी दोन वाक्यांत सांगितलं.

मिस्त्रींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत लावला. मग म्हणाले, "आन देव?"

"देव पितळेचे आहेत."

"मग ते बरे असतील."

मैत्रीण परत टायरवर गेली. ती आता आवाज न करता हसत होती, फक्त टायर हलत होते. गाडी बंद पडली तर पाहायला मीच, फ्यूज उडाला तर बदलायला मीच, असं घरात नवऱ्याला ऐकवणारी बाई मी, आणि गाडीला आंधळी केली ती मीच. नवऱ्याला हे कळलं असतं तर चावी विसरूनच जायची होती.

"ताई," ती डोळे पुसत म्हणाली, "दाजींना न्हाई सांगत मी. पन महिनाभर गाडीत गानी मी लावनार."

तिची गाणी मला माहीत होती. मी कबूल झाले.

पुढचे दोन तास आनंदात गेले. मिस्त्रींनी दिव्यांच्या भोवती चिकटपट्टी लावून रंग झाकला, आणि जाड पॉलिश पेपर पाण्यात भिजवून डावा दिवा घासायला घेतला. उजवा माझ्या हातात दिला. "भांड्याचा हात नको," त्यांनी बजावलं, "सरळ. आडवं, आडवं. पानी सोडत ऱ्हा." पहिल्या पेपरनं दिवा दुधासारखा पांढरा झाला आणि मला वाटलं, उरलंसुरलं होतं तेही घालवलं. मग त्याहून बारीक पेपर, मग त्याहूनही, शेवटचा तर नुसत्या कागदासारखा. दूध पातळ होत गेलं, ताक झालं, मग पाणी. मग मलम लावून मशीनच्या गोंड्यानं पॉलिश, आणि सगळ्यावर पारदर्शक लॅकरचा हात, उन्हासाठी. शेडमधल्या भिंतीवर रेघ मारून दिव्यामागचे स्क्रू फिरवून दोन्ही ठिपके जिथं हवेत तिथं आणले. संध्याकाळ व्हायच्या आत गाडी घरी. नवऱ्यानं दिव्यांकडे पाहिलं, वाकून पाहिलं, आणि "धुतली वाटतं" म्हणाला.

आठव्या दिवशी तो कांद्याचं बी घ्यायला म्हणून आमची गाडी घेऊन सुप्याला आला आणि सहाला कारखान्याच्या गेटवर हजर झाला. तो माझ्या शेजारी, मैत्रीण मागे पंच म्हणून. फाट्यावर वळेपर्यंत पूर्ण अंधार पडला होता. मी डिप्पर लावला, म्हणजे खालचा उजेड, आणि रस्ता समोर सतरंजीसारखा उलगडला. कडेचं गवत काडी-काडी दिसत होतं. मी सीटला पाठ टेकली. वर्षभरात पहिल्यांदा.

"सुरू," मागून पंच म्हणाली.

"सायकलवाला, टोपी घातलेला," मी म्हटलं. "कुत्रं. दुसरं कुत्रं, बसलेलं. ठिबकची नळी. मैलाचा दगड, तीन. चप्पल, एकच."

"कुठली चप्पल?" नवरा म्हणाला.

"गेली मागं. डाव्या पायाची."

"उसाची—" त्यानं सुरुवात केली.

"ट्रॉली, मागं लाईट नाही, आणि वर दोघं बसलेत. एकजण हात करतोय."

मैत्रीण खिडकीतून त्यांना हात करून बसली होतीच. तिनं तिचं पहिलं गाणं लावलं, मोठ्यानं. नवऱ्यानं विचारलं हे काय, तर मी म्हटलं असू दे. मला गाणी चालत नाहीत हे त्याला वीस वर्षं माहीत आहे. त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं.

शाळेच्या वळणावर, कडेला, एक काळी आकृती उभी. उंच, खांदे पाडलेली, बिनडोक्याची. मागून मैत्रिणीनं "आई गं" म्हटलं. मी वेग कमी केला, उजेड तिच्यावर घेतला, आणि पुढं गेले.

"ओळखलंस?" नवरा म्हणाला. आवाज जरा जास्तच साधा होता.

"आपली घोंगडी आहे. तूरकाठीवर टांगलेली. खालच्या कोपऱ्यात ठिगळ आहे, ते मी लावलंय. दुपारीच टांगून आलास ना?"

"पंचाचा निर्णय," मागून आवाज आला, "दाजींनी रडीचा डाव खेळला. ताईला दोन गुण."

तो हसायला लागला होता, पण हार मानायला तयार नव्हता. अजून टाकी यायची होती. पूल आला. पूल ओलांडला. टाकी कुठं आहे हे आता त्यालाही माहीत होतं, म्हणून उजेड पोचायच्या आधीच तो ओरडला, "टाकी."

"टाकी," मी म्हटलं, "आणि म्हैस."

"आता पुरे. हरलीस. म्हैस नाही, टाकी."

मी गाडी थांबवली. टाकीच्या मागून, बरोबर तिच्या वर, दोन शिंगं निघाली होती. मग एक कान हलला. नवरा काच खाली करून पाहतच राहिला. उजेड पाहून बांधावरून शेताचा मालक आला, विडी विझवत, काय झालं म्हणून.

"ही म्हैस इथं कधीपासून बांधता?" मी विचारलं.

"टाकी आणल्यापासनं. ह्या वेळेला इथंच असती, टाकीच्या आडोशाला. का ओ?"

नवऱ्यानं मान आत घेतली. गाणं तेवढं चालू होतं.

"म्हंजे त्या दिवशी—" मैत्रीण म्हणाली.

"त्या दिवशी मी म्हशीलाच वाट दिली होती," मी म्हटलं. "तुला फक्त टाकी दिसली. डोळे तू तपासून घे."

खरं काय होतं ते मला आजही माहीत नाही. त्या उजेडात मला म्हशीची शिंगं दिसली असतील हे मलाच पटत नाही. पण मालक साक्षीला उभा होता, आणि जिंकताना माणसानं फार खोलात जाऊ नये. मैत्रिणीला तिच्या दारात उतरवलं. तिची सासू अंगणात होती. मैत्रिणीनं जाता जाता त्यांना मोठ्यानं सांगितलं, "आजपासून गाडी चालू, आत्या." तिची सासू काही म्हणाली नाही, म्हणजे मान्य झालं.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी गाडी वळवली तसा उजेड सगळ्या अंगणावर फिरला, गोठ्यापर्यंत, आणि त्यांनी डोळ्यांवर हात धरला. गाडी बंद केली. नवऱ्यानं सवयीनं चावीकडे हात नेला. ती माझ्या पर्समध्ये गेलेली होती.

"दिवे काय लखलखीत झालेत गं," सासूबाई म्हणाल्या. "दसरा झाला की. परत चिंचेनं घासलेस का?"

मी पर्सची चेन लावत होते. ती अडकली.

"कुठल्या चिंचेनं?" नवरा म्हणाला.

"देवांची उरते ती. दरवर्षी घासते की ती. तारेच्या घासणीनं, चांगली जोर लावून. तू बघितलं नाहीस कधी?"

तो गाडीजवळ गेला. मग परत आला. मी सरळ सगळं सांगितलं, गोल ओरखडे, भांड्याचा हात, मिस्त्रींचं "आन देव?" आणि गाण्यांचं कारणही. लपवून आता उपयोग नव्हता, आणि चेनही निघत नव्हती. सांगताना मलाच इतकं हसू येत होतं की "डाव्या लाईटला अर्थ नाही" हे वाक्य तीनदा सुरू करावं लागलं. तो ओट्याच्या पायरीवर बसला. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि सासूबाई दोघांकडे आळीपाळीनं पाहत, यांना झालंय काय, असं विचारत राहिल्या.

शेवटी तो डोळे पुसून उठला. "चावी ठेव तुझ्याकडं," म्हणाला. "चिंच कुठं असते?"

"फडताळात. वरच्या फळीवर."

तो आत गेला आणि चिंचेची बरणी खाली काढण्याचा आवाज आला. तेव्हापासून गाडीची चावी खिळ्यावर असते आणि चिंचेची बरणी त्याच्या ताब्यात, धान्याच्या कोठीत, कुलपात. आमटीत घालायची असली तर मागून घ्यावी लागते. यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं मोजून वाडगाभर काढून दिली, आणि मी देव घासून होईपर्यंत गाडीला पाठ लावून उभा राहिला.